रामकिसनची गाडी

सकाळी सेल्फ मारला की गाडी आधी दोनदा खोकायची, मग पकडायची, आणि मग सायलेन्सरमधून जो निळा धूर निघायचा तो आमच्या अख्ख्या वस्तीवर पसरायचा. दारात भांडी घासणाऱ्या बाया पदर नाकाला लावायच्या. शेजारच्या पुंजारामची म्हातारी मला ऐकू जाईल अशा बेताने शिव्या द्यायची. एवढ्यावर भागलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण समोरच्या ओट्यावर माझा थोरला भाऊ रामकिसन बसलेला असायचा, अंगावर घोंगडी, हातात बशी. तो मान न वळवता नाक वर करायचा, एक लांब श्वास घ्यायचा आणि शेजारी जो कोणी बसला असेल त्याला सांगायचा.

"ऑइल जाळून राह्यली."

बस्स, एवढंच. दोष कोणाचा ते तो बोलायचा नाही. ते बोलायला वस्तीत पन्नास तोंडं होती. रामकिसनच्या हातात गाडी अकरा वर्षं होती, कधी विडीएवढा धूर काढला नाही, आणि वसंताकडे, म्हणजे माझ्याकडे, येऊन वर्ष झालं नाही तोच बघा कशी भट्टी लागली. हे मी सलूनमध्ये ऐकलं, हॉटेलात ऐकलं, एकदा तर मयतीला गेलो तिथेही ऐकलं.

दादा परतूरच्या एका आडत्याकडे क्लीनर म्हणून लागला तेव्हा मी शाळेत जात होतो. क्लीनरचा ड्रायव्हर झाला, आणि पुढे आडत्याने नवी गाडी घेतली तेव्हा ही जुनी सहाचाकी दादाने घेतली. आमच्या बौद्धवाड्यातली पहिली गाडी. तिच्यासमोर वंदना झाली, बाबासाहेबांचा फोटो काचेच्या वर लागला आणि सगळी वस्ती हौद्यात बसून परतूरला चक्कर मारून आली. मी टपावर होतो. त्या दिवसापासून आमचं घर म्हणजे रामकिसन ड्रायव्हरचं घर, आणि मी रामकिसनचा भाऊ. नंतर मी स्वतः दहा वर्षं लोकांच्या गाड्यांवर ड्रायव्हरी केली. सुरत पाहिली, हैदराबाद पाहिलं, दादाने कधी नुसते ऐकलेही नसतील असे घाट रात्रंदिवस चढलो-उतरलो. पण गावात पाय ठेवला की मी पुन्हा रामकिसनचा भाऊ. चाळिशी उलटली तरी माझं नाव लोकांच्या तोंडात बसेना.

मग दादाला शुगर लागली. लायसन रिन्यू करायला गेला तर डोळ्याच्या डॉक्टरने कागदावर सही दिली नाही. घरी येऊन दादा म्हणाला, मोतीबिंदू आहे, पिकला की काढू. आम्हीही तेच धरून चाललो. सुरतेची नोकरी सोडून मी गावी आलो, त्याने चावी माझ्या हातात दिली नाही. भिंतीकडे बोट करून "खिळ्याला हाय" एवढंच म्हणाला. मी ती खिळ्यावरून काढून घेतली.

पहिले पंधरा दिवस तो गाडीभोवती फिरत असायचा. टायरला लाथ मारून बघ, बॉनेटमध्ये हात घाल, असं चाललेलं. एक दिवस चार लोकांत त्याने मला विचारलं की एअर क्लीनरचं ऑइल बदललं का, रस्त्याला धूळ लई आहे. चार लोकांनी माझ्याकडे बघितलं. माझं टाळकंच फिरलं.

"आता गाडी म्या चालवतो," मी म्हणालो. "तू हात लावायचा न्हाई."

त्याने बॉनेटमधला हात काढला, पायजम्याला पुसला आणि ओट्यावर जाऊन बसला. तेव्हापासून आमचं सरळ बोलणं बंद. काही सांगायचं झालं तर मध्ये माझी बायको प्रीती.

धूर दिवाळीनंतर सुरू झाला, ऐन कापसाच्या दिवसांत. आष्टी रोडवरच्या खेड्यांतून कापूस भरायचा आणि परतूरच्या जिनिंगमध्ये टाकायचा, दिवसाला दोन खेपा. हौद्यात कापूस तुडवून तुडवून पिंढऱ्या भरून यायच्या, नाकातोंडात तंतू जायचे. त्याचं मला काही नव्हतं. कामाला मी दादापेक्षा कधी कमी पडलो नाही. पण सकाळची पहिली खेप घेऊन गेटात शिरलो की मागे निळा लोट, आणि यार्डातले हमाल तोंडाला गमजे बांधून हसत.

तिथला मुकादम काकासाहेब. दादाच्या वेळेपासूनचा माणूस. दोन-तीन दिवस त्याने बघितलं, चौथ्या दिवशी हातातला दांडका आडवा धरून गाडी गेटावरच थांबवली. आत डोंगराएवढा कापूस पडला आहे, एक ठिणगी गेली तर सगळी राख, तेव्हा गाडी नीट करून आण, तोवर आत यायचं नाही. हंगाम संक्रांतीपर्यंत आहे, त्याच्या आत ये, नाहीतर दुसरी गाडी लावून घेतो. एवढं सांगून झाल्यावर त्याने जवळ येऊन आवाज खाली केला.

"रामकिसनला संग घेऊन जाय मिस्त्रीकडं. त्याला बराबर कळतं."

मी कापूस गेटाबाहेर उतरवला. हमालांनी पाठीवरून आत नेला, आणि प्रत्येक फेरीला एकेकाने मला काही ना काही सल्ला दिला.

आता एक गोष्ट सांगतो जी तेव्हा मी कोणालाच सांगितली नाही. गाडी दिवसभर धूर मारत नव्हती. सकाळी तासभर मारायची, दुपारच्या खेपेला साफ. आणि इंजिनाखालच्या चेंबरमधलं ऑइल मी रोज मापाची दांडी बाहेर काढून बघत होतो, आठवड्याला जेमतेम पाव लिटर टाकावं लागायचं. जी गाडी एवढं ऑइल जाळते तिचं ऑइल कमी का होत नाही, हा प्रश्न शेंबड्या पोरालाही पडला असता. मला पडला नाही, कारण मला पाडून घ्यायचा नव्हता. मी मनात ठरवून टाकलं होतं की पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत, ऑइल वर चढून जळतंय. रिंगा एका वर्षात जात नाहीत. रिंगा गेल्या म्हणजे अकरा वर्षांत गेल्या, म्हणजे दादाने जाड ऑइल घालून घालून धूर दाबला आणि मेलेलं इंजिन माझ्या गळ्यात बांधलं. हे एकदा परतूरच्या बदरोद्दीन मिस्त्रीच्या तोंडून चार लोकांत निघालं की माझं काम झालं. मग ओट्यावर बसून खुशाल वास घे म्हणावं.

त्या संध्याकाळी दादाने प्रीतीकरवी निरोप धाडला की परतूरला मीही येतो. मी म्हणालो, गरज नाही. प्रीती भाकरी थापत होती. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

"त्यांना घेऊन गेले तर काय बिघडंल? गाडीपेक्षा तुमीच जास्त धूर काढून राह्यले."

मी ताट सरकवून उठलो.

बदरोद्दीन मिस्त्रीचं गॅरेज रेल्वे फाटकाच्या अलीकडे, लिंबाच्या झाडाखाली. सत्तरीचा माणूस, पण पान्यावरची पकड अजून तशीच. त्याची एक रीत होती. इंजिनाला हात लावायच्या आधी तो ड्रायव्हरला समोर बसवून तीन गोष्टी विचारायचा, आणि ड्रायव्हर सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा. म्हणायचा, गाडीला तोंड नाही, तिच्या वतीने ड्रायव्हर बोलतो. मोठमोठ्या गाड्यांचे मालक आले तरी तो त्यांना बाजूला बसवून ड्रायव्हरलाच विचारी.

धूर कधी मारते, त्याने विचारलं. मी म्हणालो, दिवसभर.

ऑइल किती खाते? रोजचं लिटरभर.

एअर क्लीनर कधी बघितलं? ऐतवारी, मी स्वतः साफ करून नवं ऑइल घातलं.

तिसरं उत्तर खरं होतं. पहिली दोन मी डोळ्याला डोळा भिडवून खोटी दिली. कारण मलाही एवढी अक्कल होती की सकाळी धूर आणि दुपारी साफ असं सांगितलं तर हा म्हणणार, व्हॉल्वचे रबर गेलेत, रात्रभर ऑइल ठिबकतं. ते अर्ध्या दिवसाचं काम, आणि त्यात दोष कोणाचाच नाही. मला दोष पाहिजे होता.

त्याने गाडी चालू करायला लावली. ऑइल टाकायचं झाकण काढलं आणि भोकावर तळहात धरला. रिंगा गेलेल्या इंजिनाची तिथून धाप येते, हाताला गरम झोत लागतो. त्याने बराच वेळ हात धरला, तोंड वाकडं केलं.

"धाप तर न्हाई," तो म्हणाला. "लिटरभर खाते म्हनतो, बराबर?"

"बराबर."

"मंग ऑइलच्या रिंगा जाम झाल्या असतील. खोलावं लागंल." त्याने हात पुसला. "रामकिसनला का न्हाई आनलं?"

मी म्हणालो, त्याची तब्येत ठीक नाही.

दोन दिवस आम्ही खोलाखोल करत होतो. मिस्त्री, त्याचा मुलगा नोमान आणि मी. पाणी सोडलं, चेंबरचं ऑइल मोठ्या कॅनमध्ये काढलं, नळ्या सोडल्या, हेडचे नट सोडले. काही नट वर्षानुवर्षं बसलेले, पान्याला पाइप लावून सगळं अंग टाकलं तरी हलेनात. माझा उजवा खांदा निखळल्यासारखा झाला. हेड साखळीने वर उचललं. मग मी गाडीखाली पाठीवर पडून चेंबर उतरवला, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट सोडले. वरून काळं ऑइल टपटप कपाळावर, डोळ्यांत. थंडीचे दिवस, खाली फरशी गार. तरी मला उल्हास होता. खालून मी दांड्याने पिस्टन वर ढकलत होतो आणि कान मिस्त्रीच्या तोंडाकडे लावून पडलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रीती डबा घेऊन आली आणि तिच्यामागे दादा. मी बोलावलं नव्हतं. प्रीतीने त्याच्या कोपराला धरलं होतं, तेव्हा मला वाटलं, फाटकावर गर्दी आहे म्हणून असेल. मिस्त्री हातातलं काम टाकून उठला. "आओ रामकिसन" म्हणून त्याने दादाला जवळ घेतलं, टायरवर पोतं अंथरून बसवलं आणि नोमानला बिनसाखरेचा चहा सांगायला धाडलं. दोन दिवस मी तिथे राबत होतो, मला चहा कसा लागतो हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. मी गाडीखालीच पडून राहिलो.

सहावा पिस्टन निघाला. मिस्त्रीने सगळे ओळीने पोत्यावर मांडले, डिझेलच्या चिंधीने पुसले आणि एकेक रिंग नखाने दाबून बघितली. रिंगा सुट्या होत्या, दाबल्या की आत जात, सोडल्या की बाहेर येत. मग तो पिस्टन ज्या नळकांड्यांत वर-खाली होतात त्या लायनरकडे गेला. बॅटरी आत धरून अंगठ्याचं नख वरून खाली फिरवलं, सहाच्या सहा.

"अकरा साल चालवली," तो म्हणाला, "अन् लायनरला ओरखडा न्हाई. असा ड्रायव्हर म्या दुसरा बघितला न्हाई."

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. ज्या तोंडातून मला दादाचा दोष ऐकायचा होता त्याच तोंडातून मी त्याचं कौतुक काढून घेतलं होतं, तेही दोन दिवस राबून, माझ्याच हाताने इंजिन खोलून.

"मंग धूर कुठून येतो?" दादाने विचारलं.

मिस्त्रीने हेड उलटं केलं आणि हवा आत जायच्या वाटांमध्ये बोट घातलं. बोट काळ्या चिकट ऑइलने भरून आलं. इंजिनाने खालून ऑइल ओढलं नव्हतं, हवेबरोबर वरून प्यालं होतं. त्याने हवेच्या जाड नळीत हात घातला, तीही ओली. नळीच्या दुसऱ्या टोकाला एअर क्लीनर. जुन्या गाडीचं हे डबडं साधं असतं, तळाशी एक वाटी, वाटीत खुणेपर्यंत ऑइल, बाहेरची धूळ त्या ऑइलात बसते आणि हवा गाळून आत जाते. मिस्त्रीने चार क्लिपा सोडल्या. गाडी त्या सकाळी जेमतेम गॅरेजपर्यंत चालली होती, वाटी अजून जवळजवळ काठोकाठ भरलेली होती. खाली घेताना अर्धं ऑइल त्याच्या पायांवर सांडलं.

"हे कोणी भरलं?"

मी रविवारी भरलं होतं ते खुणेपर्यंत, माझ्या डोळ्यांनी बघून. मी तसं म्हणालो. प्रीती दादाकडे बघत होती.

"म्या," दादा म्हणाला. तो टायरवर तसाच बसला होता, चहाचा कप दोन्ही हातांत. "वसंता पहाटं शेताकडं गेला की म्या जात व्हतो. थोडंथोडं. धुळीचे दिवस हायेत, ऑइल घट्ट व्हतं. माझ्यापाशी जुना कॅन व्हता. खुणेपर्यंतच भरत व्हतो."

"रोज?"

"रोज."

मिस्त्रीने वाटी रिकामी केली, पुसली आणि दादाच्या हातात दिली. "खूण दाखवा," तो म्हणाला.

दादाने वाटी मांडीवर घेतली. तोंड समोर रस्त्याकडे, जणू रस्त्यावर काही बघायचं होतं, आणि उजव्या हाताचं बोट वाटीच्या आतून फिरवायला लागला. खूण म्हणजे पत्र्यात दाबलेली ठसठशीत रेघ, अंधारातही बोटाला लागेल अशी. बोट तिच्यावरून गेलं. परत आलं, पुन्हा वरून गेलं, आणि वर सरकत सरकत वाटीच्या काठाला जाऊन थांबलं.

"ही काय," दादा म्हणाला.

रेघ तिथून चार बोटं खाली होती. लिंबाखाली आम्ही चौघं उभे होतो, कोणाच्या तोंडून शब्द फुटेना. दादाला ते कळलं. त्याने वाटी हळूच पोत्यावर ठेवली. शुगरने बोटांना मुंग्या येतात, तो म्हणाला, पहिल्यासारखं लवकर कळत नाही. डोळ्यांचं तो काहीच बोलला नाही, पण पिकायला मोतीबिंदू नव्हताच, शुगरने नजरच गेली होती, हे आता सगळ्यांना दिसलं. ओट्यावर बसून निळा धूर तो कधी बघतच नव्हता. नुसता वास घेत होता.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला बरं वाटलं. लाज वाटायच्या आधी बरं वाटलं. दोष सापडला होता, दादाचाच सापडला होता, तोही मिस्त्रीच्या दारात, साक्षीदारांसमोर. वर्षभर मी याचीच वाट बघत होतो. मी आता काहीतरी बोलणार एवढ्यात मिस्त्री माझ्याकडे वळला.

"अन् तू?" त्याने ऑइलच्या कॅनकडे बोट केलं. "चेंबरमधून निघालेलं ऑइल म्या मोजलं. पुरं हाय. रोज लिटरभर खाते म्हनला ना तू? वाटी भरलेली असली तर गाडी सकाळी धूर मारती, जास्तीचं पिऊन झालं की साफ. हे तुला दिसलं नसंल? तू एवढं सांगितलं असतं तर म्या नटाला पाना लावला नसता."

मी खाली बघितलं. हातांवरचं ऑइल कोपरापर्यंत गेलं होतं, तिथे वाळून कातडी ओढत होतं.

"वसंता," दादा म्हणाला. वर्षात पहिल्यांदा त्याने मला नावाने हाक मारली. "खोटं कामून बोलला?"

उत्तर प्रीतीने दिलं.

"तुमच्यावर यावं म्हनून," ती म्हणाली, आणि डब्याची पिशवी तिथेच ठेवून फाटकाकडे निघून गेली.

दादाने टायरवर हात टेकले. मला वाटलं, उठून जाईल. मिस्त्रीलाही तसंच वाटलं असावं, कारण त्याने आम्हा दोघांकडे बघून तोंडातल्या तोंडात एक शिवी हासडली आणि डिझेलची घमेली आमच्यामध्ये आणून आपटली. हे सगळं सामान धुऊन द्या म्हणाला, माझ्या पोराला दुसरी कामं आहेत.

मग आम्ही दोघं धुवायला बसलो. तो एका बाजूला, मी एका बाजूला. दादा ब्रशने घासायचा, बोटांनी चाचपायचा आणि झालेला भाग माझ्याकडे सरकवायचा. त्याच्यावर काजळी तशीच असायची. मी तो घेऊन पुन्हा घासायचो. ब्रशचा आवाज त्याला ऐकू येत होता, कान त्याचे तिखट. तरी तो पुढचा भाग उचलून घासायला घ्यायचा. दोन-अडीच तास असं चाललं. एकदा फक्त त्याने विचारलं, सुरतेला होतास तेव्हा कोणती गाडी होती तुझ्याकडे. मी सांगितलं. तिचा गिअर कसा पडायचा, त्याने विचारलं. तेही सांगितलं. दहा वर्षांत माझ्या ड्रायव्हरीबद्दल त्याने विचारलेला हा पहिला प्रश्न होता, आणि मला राग आला की एवढ्या उशिरा विचारला.

नवी पॅकिंगं घालून इंजिन बसवायला आणखी दोन दिवस गेले. दादा रोज येत होता, पहिल्या दिवशीसारखाच प्रीतीच्या हाताला धरून. चौथ्या दिवशी दुपारी मिस्त्रीने वाटीत खुणेपर्यंत ऑइल घातलं, क्लिपा लावल्या आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. गाडी पहिल्याच झटक्यात पकडली. दहा मिनिटं नळ्यांत राहिलेला निळा धूर निघाला, मग पांढुरका, मग काहीच नाही. सायलेन्सरच्या तोंडाशी नुसती हवा थरथरत होती. मिस्त्रीने मला जवळ बोलावून सांगितलं की पुढच्या वेळी गाडी आणशील तेव्हा मी तुला काही विचारणार नाही. एवढी मोठी शिक्षा त्याने आजवर कोणा ड्रायव्हरला दिली नसेल.

प्रीती डबा देऊन आधीच परतली होती. निघताना दादा सवयीने उजव्या बाजूला गेला. दाराच्या मुठीवर हात ठेवला, तसाच ठेवून क्षणभर उभा राहिला. मग बंपरला धरत धरत समोरून वळसा घालून डाव्या बाजूला आला आणि चाचपडत वर चढला. त्या सीटवर तो क्लीनर असताना बसला असेल, त्यानंतर कधीच नाही. मी मदतीला हात दिला नाही. दिला असता तर त्याने घेतला नसता.

जिनिंग वाटेतच होती. म्हटलं, गाडी दाखवूनच जावं, उद्यापासून खेप लागेल. गेटावर थांबलो तसा काकासाहेब बाहेर आला. आधी मागे जाऊन सायलेन्सर बघितला, मान डोलावली आणि पुढे आला तो माझ्याकडे नाही, वळसा घालून दादाच्या खिडकीकडे. तीन-चार हमालही त्याच्यामागे आले. वर्षभर हेच चाललं होतं. स्टिअरिंगवर मी, आणि लोकांच्या तोंडी नाव रामकिसनचं.

"काय रामकिसन," त्याने विचारलं, "काय निघालं गाडीत?"

दादा समोर काचेकडे बघत होता. म्हणजे तोंड तिकडे होतं.

"ड्रायव्हरला इचारा," तो म्हणाला. "गाडी त्याची हाय."

काकासाहेबाने मान उचलून माझ्याकडे बघितलं. हमालांनीही बघितलं. हे वाक्य ऐकायला मी किती वाट बघितली होती ते माझं मला माहीत. आणि ऐकल्यावर छाती काही भरून आली नाही.

"एअर क्लीनरमधी ऑइल जास्त झाल्तं," मी म्हणालो.

काकासाहेब हसायला लागला. "एवढंच? त्याच्यासाठी चार दिवस? अन् भरलं कोण एवढं? नवा क्लीनरबी असं येड्यावानी करीत न्हाई."

दादाचे दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे पडले होते. नाव घ्यायला एक श्वास पुरला असता, आणि उद्या सकाळपर्यंत ते साऱ्या तालुक्यात गेलं असतं. मला त्याची दया आली म्हणून मी गप्प राहिलो असं कोणी समजू नये. गाडी माझी आहे असं त्याने आत्ता कुठे चारचौघांत कबूल केलं होतं. त्याच गाडीला रोज पहाटे दुसऱ्याच कोणाचा हात लागतो आणि मला पत्ता नसतो, हे मी कोणापुढे कसं बोलणार होतो? दादापुढेही नाही आणि काकासाहेबापुढे तर नाहीच नाही.

"म्याच भरलं," मी म्हणालो.

हमाल हसले. काकासाहेबाने कपाळावर हात मारला. "अरे, मंग रामकिसनला इचारायचं ना. घरात एवढा जाणता माणूस बसलेला हाय."

तेव्हा दादा बोलला. त्याच्या त्या ओट्यावरच्या आवाजात, मान न वळवता.

"सांगितलंय त्याला. खुणेच्या वर भरत नको जाऊ म्हनून."

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की मी सर्रकन त्याच्याकडे वळलो. तो तसाच समोर तोंड करून बसला होता. पण गुडघ्यावर त्याच्या उजव्या हाताचं बोट वर-खाली फिरत होतं, वाटीत खूण शोधताना फिरलं तसं, आणि ते मला सोडून कोणाला दिसत नव्हतं.

"बराबर हाय," मी म्हणालो आणि पहिला गिअर टाकला.